आशाताईंच्या गृहभेटी आणि माता बैठका: ४२ दिवस भक्कम, मग मोठा खंड

बाळंतिणीच्या घरी येणारी ही सरकारी सेवा पूर्ण मोफत आहे आणि पहिल्या दीड महिन्यापुरती तरी आम्हाला फार मोलाची वाटते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही.

नीट झालेल्या भेटीत ताई हात धुऊन बाळाला काट्याच्या झोळीत तोलतात, ताप बघतात, पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात (६० किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना) आणि आई पाजत असताना शेजारी बसून बघतात. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड गेलं की चिरा पडतात, बाळ तासभर चोखूनही उपाशी राहतं आणि ‘दूध पुरत नाही’ म्हणून घरात पावडरचा डबा येतो. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, एवढं जमलं की बऱ्याच तक्रारी मिटतात. दूध पुरतंय हे वाढत्या वजनावरून आणि दिवसाला सहा-सात वेळा होणाऱ्या लघवीवरून ओळखायचं, रडण्यावरून नाही. तोलताना काटा आधी शून्यावर आहे ना आणि दुपटं काढलंय ना, हे मात्र आपणही बघावं.

खरी उणीव पुढे आहे. ४२व्या दिवसानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळाचं रडणं शिगेला पोचतं, आणि पुढच्या काही आठवड्यांतच पहिलटकरीण बहुधा माहेरहून सासरी जाते. माहेरच्या ताईंकडची नोंद मागेच राहते, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी लांबतात. निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड पूर्ण भरून घ्या, सासरच्या ताईंना फोन करून तारीख ठरवा. आईची उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकली तर भेटीची वाट बघू नका. टेली-मानस या मोफत सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

ताई आयांना एकत्र बोलावून घेतात ती माता बैठक तीन महिन्यांतून एकदा, हे फारच कमी. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करणाऱ्या आईला उत्तर त्याच आठवड्यात हवं असतं: सुरुवातीला दोन-तीन चमचे, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट, वरणाचं नुसतं पाणी नको, त्याने पोट भरतं पण अंगी लागत नाही. बैठकीत जवळच्या वयाची बाळं असलेल्या चार-पाच जणींनी नंबर घेऊन दर पंधरा दिवसांनी अंगणवाडीत भेटायचं ठरवलं, तर ही पोकळी भरते. सासूबाईंनाही सोबत न्या. घुटी आणि मध यांचा निर्णय बहुतेक घरांत त्यांच्याच हाती असतो, आणि वर्षाच्या आत मध का द्यायचा नाही हे सुनेपेक्षा ताईंच्या तोंडून ऐकलेलं त्यांना लवकर पटतं.