सिट्रोएन सी५ एअरक्रॉस: यवतेश्वर घाटात चालवून बघितली

मामांनी ही डिझेल गाडी सेकंडहँड घेतलीय, तर साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कास पठारापर्यंत नेऊन आणली. आधी एक सांगतो, हिचं नाव ज्या सी५ वरून आलंय ती सिट्रोएनचीच साधी फॅमिली गाडी होती, त्यांच्याच जुन्या झांटिया मॉडेलच्या जागी 2001 ला आली, 2008 ला दुसरी पिढी, आणि खरी मजा तिच्या सस्पेन्शनमध्ये. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी लोखंडी गोळ्यात नायट्रोजन गॅस आणि खाली तेल, वजन कितीही टाका गाडी आपली उंची धरून राहणार! हे डोकं गाजवलं सिट्रोएनच्याच 1955 च्या डीएस गाडीनं, 1962 ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा टायर फुटूनही ड्रायव्हरने तीच गाडी पळवून बाहेर काढलेली. 2017 ला युरोपात सी५ बंद, तेल-गॅसच्या सस्पेन्शनचा तो सगळा प्रकारही तिथंच संपला.

मग 2021 ला आपल्याकडं आलेल्या या एसयूव्हीत काय? तर नेहमीचेच स्प्रिंग, पण शॉकअपमध्ये हायड्रॉलिक कुशन, म्हणजे दणका जिरवणारी तेलाची गादी. जुन्या सी५ ची सर नाही ओ, पण खड्ड्यात धाडकन आदळत नाय, आजी मागं निवांत झोपलेली. इंजिन 2 लिटर, 177 पीएस ताकद, 8 गिअर ऑटोमॅटिक, यवतेश्वर घाट पाणी पिल्यागत चढली.

सीटा मात्र पाचच. नवी आली तेव्हा जवळपास 30 लाख एक्स शोरूम, एवढ्यात आपली माणसं सात सीटा मागणारच की. सेकंडहँड चांगली मिळाली तर घ्या, नवीला मी नसते दिले.