पीपीपीओई की डीएचसीपी?
नव्या राउटरच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) सेटिंगमध्ये जोडणीच्या या दोन पद्धतींपैकी कोणती निवडायची, हे इंटरनेट कंपनीवर ठरतं. आधी त्यांनाच विचारा. डीएचसीपी असेल तर काम सोपं: केबल लावा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आपोआप मिळतो. मात्र कंपनीकडे जुन्या राउटरचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस नोंदलेला असेल, तर नव्यात तोच क्लोन (कॉपी) करावा लागतो.

पीपीपीओईला युजरनेम-पासवर्ड लागतो, आणि तो वायफायचा पासवर्ड नव्हे! इथे डेटाच्या प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खर्ची पडतात, म्हणून एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी सहसा १४९२ ठेवतात. तो चुकला की काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या गोल फिरत राहतात. मला स्वतःला डीएचसीपीच आवडतं. पीपीपीओई असेल तर राउटर रीसेट करण्याआधी लॉगिन लिहून ठेवाच.