चमॉड, एफचमॉड आणि मंडळी : बरीच वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. लिनक्सवर सी मधून फाइलच्या परमिशन बदलायच्या तर चमॉड, एफचमॉड आणि एफचमॉडॅट हे तीन सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी) आहेत, मी तिन्ही भरपूर वापरलेत आणि माझा सगळ्यात जास्त जीव एफचमॉडवर आहे, का ते सांगतो.

आधी साधा चमॉड. फाइलचा पाथ द्या, मोड (कोणाला काय करता येईल ते सांगणारा आकडा) द्या, झालं काम. युनिक्समध्ये हा १९७१ पासून आहे आणि अजून तितकाच सरळ आहे. फक्त मोड ऑक्टलमध्ये (आठच्या पायावरच्या आकड्यांत, सी मध्ये सुरुवातीला शून्य लावून) असतो हे डोक्यात पक्कं पाहिजे. मी एकदा ०६४४ ऐवजी नुसतं ६४४ लिहिलं, कंपायलर काही बोलला नाही, कॉलने पण शून्य परत दिलं म्हणजे सगळं ओके, आणि कॉन्फिग फाइल मालकालाच वाचता येईना! दशमान ६४४ म्हणजे ऑक्टल १२०४, म्हणजे मालकाला फक्त राइट, ग्रुपला काहीच नाही, बाकी जगाला रीड आणि वर स्टिकी बिट नावाचा एक खास बिट. अख्खी दुपार गेली त्यात. पायथन ३ मध्ये सुरुवातीला नुसता शून्य लावून ०६४४ लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते ते चांगलंय, पण ६४४ तिथेही चालून जातं, तेव्हा सांभाळा.

आता खरा मुद्दा. चमॉड पाथवर चालतो, आणि पाथ म्हणजे नुसतं नाव. तुम्ही आधी स्टॅट (फाइलची माहिती देणारा कॉल) करून फाइल कोणाची ते बघितलं आणि मग चमॉड मारला, तर मधल्या क्षणात त्या नावाच्या जागी कोणी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) ठेवली की परमिशन भलत्याच फाइलच्या बदलतात, आणि प्रोग्रॅम रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून चालत असेल तर विषयच संपला. एफचमॉडला पाथ नाही, उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर (फाइल उघडल्यावर कर्नल देतो तो नंबर) लागतो. ओपन करा, त्याच डिस्क्रिप्टरवर एफस्टॅट (डिस्क्रिप्टरवाला स्टॅट) करून तपासा, त्याच्यावरच एफचमॉड करा, मध्ये नाव कोणी कितीही बदलू दे तुमच्या हातातली फाइल तीच राहते. हे एकदा नीट समजलं की पाथवाला चमॉड लिहिताना हात थांबतो. अडचण एकच, फाइल आधी उघडता आली पाहिजे. मोड ०००० असेल तर साधा मालक ती उघडू शकत नाही, तिथे मात्र चमॉडच लागतो.

अजून एक, गुप्त फाइल बनवताना आधी क्रिएट आणि नंतर ०६०० (फक्त मालकाला रीड-राइट) असं करू नका. मधल्या वेळात कोणी ती उघडली असेल तर परमिशन बदलल्यावरही त्याचा डिस्क्रिप्टर चालूच राहतो, परमिशन ओपनच्या वेळी बघितली जाते, प्रत्येक रीडला नाही. म्हणून ओपनलाच ०६०० द्या. ओपनच्या मोडमधून यूमास्क (नव्या फाइलला कोणते बिट द्यायचे नाहीत ते सांगणारा आकडा) मधले बिट काढले जातात, चमॉडला यूमास्क लागू नाही, हा फरक पण भल्याभल्यांना माहीत नसतो.

एफचमॉडॅट डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरपासून पाथ धरतो, डिरेक्टरींचं मोठं झाड फिरताना मस्त. पण लिनक्सच्या मूळ कॉलमध्ये फ्लॅगसाठी (कॉलला द्यायच्या जादा सूचनेसाठी) जागाच नव्हती, सिमलिंकच्या मागे जाऊ नको हे कर्नलला थेट सांगायची सोय कर्नल ६.६ मध्ये एफचमॉडॅट२ आला तेव्हा झाली, म्हणजे २०२३. इतकी वर्षं का लावली हो?

कापलेला एक स्टार मात्र सेटजीआयडीसाठी (प्रोग्रॅमला फाइलच्या ग्रुपच्या अधिकाराने चालवणारा बिट). तुम्ही त्या फाइलच्या ग्रुपमध्ये नसाल आणि खास अधिकारही नसतील तर लिनक्स तो बिट गुपचूप काढून टाकतो आणि कॉल तरीही शून्य परत देतो. एरर द्यायला पाहिजे होती. म्हणून सेटजीआयडी लावला की मी लगेच एफस्टॅट करून बिट खरंच लागलाय का ते बघतो, तुम्ही पण बघा.