तीन बाजू आणि तीन प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर

वेड्यावाकड्या प्लॉटचे क्षेत्रफळ काढायचे म्हणजे त्याचे त्रिकोण पाडायचे, प्रत्येकाच्या तिन्ही बाजू टेपने मोजायच्या आणि तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ देणारे हेरॉनचे सूत्र लावायचे. एका प्लॉटमध्ये असे पाच-सहा त्रिकोण सहज निघतात, आणि तेच सूत्र पुन्हा पुन्हा हाताने सोडवताना एखादी वजाबाकी चुकतेच. बाजू तेवढ्या विचारून उत्तर थेट गुंठ्यात देणारे छोटे यंत्र हवे असेल, तर साधा प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर आजही उपयोगी आहे. माझ्याकडे असलेल्या तिघांवर मी हे एकच काम करून पाहिले. पडताळणीसाठी २०, २१ आणि २९ मीटर बाजूंचा त्रिकोण घेतला. त्याचे क्षेत्रफळ नेमके २१० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २.०८ गुंठे येते.

पहिला कॅसिओचा एफएक्स-३६००पी, ऐंशीच्या दशकातला. त्यात पी१ आणि पी२ हे दोन प्रोग्राम मिळून अवघ्या ३८ पायऱ्या मावतात; एक पायरी म्हणजे साधारण एका बटणाची नोंद. १९७४ मध्ये आलेल्या एचपी-६५ या पहिल्या हातात मावणाऱ्या प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटरमध्येही १०० पायऱ्या होत्या, हे लक्षात घेतले की ही जागा किती अपुरी आहे ते कळते. माझ्या मोजणीप्रमाणे हेरॉनच्या सूत्राला ३३ पायऱ्या लागतात. गुंठे करण्यासाठी १०१.१७ ने भागायचे, तर तो आकडा लिहिण्यातच सहा पायऱ्या जातात आणि प्रोग्राम मावत नाही. तोच आकडा आधी के५ या स्थिरांकाच्या जागेत ठेवला, की भागाकार तीन पायऱ्यांत उरकतो आणि सगळे मिळून ३६ पायऱ्या होतात. ही काटकसर साधली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि सूत्रातला प्रत्येक कंस कशासाठी आहे हेही पक्के समजले. वापरताना पी१ दाबायचे, बाजू द्यायच्या आणि उत्तर घ्यायचे. याहून सोपे काही नाही. मात्र भरलेला प्रोग्राम परत वाचता येत नाही, त्यामुळे मधली एखादी पायरी चुकली तर सगळा प्रोग्राम पुन्हा भरावा लागतो. शेतावर उन्हात उभे असताना आलेल्या उत्तराबद्दल शंका आली, तर आत काय भरले आहे हे तपासण्याचा मार्गच नसतो, आणि माझ्या दृष्टीने ही उणीव फार मोठी आहे.

दुसरा एचपी-१२सी. तो १९८१ मध्ये आला आणि आजही नवा मिळतो, त्यामुळे जुना आणि नवा अशी तुलना एकाच मॉडेलमध्ये करता येते. यात आकडे आधी आणि क्रिया नंतर द्यावी लागते. या पद्धतीत कंस लागतच नसल्याने हेच काम, गुंठ्यांसकट, २७ ओळींत बसते. ओळी ९९ पर्यंत वाढवता येतात, पण पहिल्या आठ ओळींनंतर दर सात ओळींमागे आकडे साठवण्याची एक जागा कमी होते. भरलेला प्रोग्राम ओळीओळीने पाहता येतो. फक्त तो आकड्यांच्या भाषेत दिसतो. ‘४५ २’ म्हणजे चौथ्या रांगेतले पाचवे बटण आणि मग २, अर्थात दुसऱ्या जागेतला आकडा परत आणणे. आठवडाभरात ही भाषा अंगवळणी पडते. जुन्या यंत्रात तीन लहान बटण-सेल लागतात, नव्यात दोन सीआर२०३२. नवे यंत्र कितीतरी वेगवान आहे: लांब मुदतीच्या कर्जाचा व्याजदर शोधताना जुन्याच्या पडद्यावर ‘रनिंग’ हा शब्द बराच वेळ लुकलुकत राहतो, नव्यावर उत्तर जवळजवळ लगेच येते. त्रिकोणाच्या कामात हा फरक जाणवत नाही. मूळ यंत्र हिशेबनीसांसाठी असल्याने त्यात साइन-कोसाइन नाहीत, तेव्हा ज्यांना कोन मोजावे लागतात त्यांनी ते घेऊ नये.

तिसरा कॅसिओचाच एफएक्स-५०एफ प्लस. यात चार प्रोग्रामांसाठी मिळून ६८० बाइट जागा आहे, आणि सूत्र पुस्तकात छापलेले असते तसेच, ए, बी, सी ही अक्षरे वापरून लिहिता येते. चालवताना तो ‘ए?’ असे विचारतो, त्यामुळे कोणती बाजू द्यायची राहिली आहे हे लगेच कळते. चूक सापडली तर बाणाच्या बटणाने तिथे जाऊन तेवढेच अक्षर बदलावे. प्रोग्रामला नाव देता येत नाही, फक्त क्रमांक असतो, ही गैरसोय खरी. पण दोन महिन्यांनी उघडूनही आपणच लिहिलेले आपल्याला वाचता येते, आणि ज्या आकड्यावर दुसऱ्याच्या जमिनीचा हिशेब ठरणार आहे तिथे मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. म्हणून कामाच्या पिशवीत मी हाच ठेवतो. विद्यार्थ्यांनी मात्र घेण्याआधी परीक्षेचे नियम पाहावेत, कारण अनेक परीक्षांत प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर चालत नाही.

जुना घेणार असाल तर पडदा आणि बटणे पाहण्याआधी मागचे झाकण उघडायला सांगा. एका विक्रेत्याकडून मी घेतलेल्या यंत्राच्या सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला होता आणि तो घरी आल्यावर दिसला. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून यंत्र चालू झाले, पण एक पट्टी इतकी झिजली होती की ती बदलावीच लागली.