जुन्या नकाशांची फुकट साइट, मेटल डिटेक्टरवाल्यांच्या नजरेतून

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्याला वाचायचंय त्याने पुढे वाचा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि इंग्लंडात जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरणाऱ्याला हिच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही, डिटेक्टर सोडून. पण "कुठे सोनं पुरलंय" हे ती सांगत नाही. ते शोधायला जाणार असाल तर आत्ताच निराश व्हा, वेळ वाचेल.

नाव स्कॉटलंडचं असलं तरी नकाशे अख्ख्या ब्रिटनचे आहेत. मी लेस्टरला राहते, माझं सगळं फिरणं लेस्टरशायरच्या शेतांमधून, आणि एडिनबराच्या लायब्ररीने स्कॅन करून ठेवलेल्या नकाशांवर माझा हिवाळा निघतो. मुख्य माल म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे. ही सरकारी मोजणी १७९१ साली सुरू झाली, फ्रेंच चढाईच्या भीतीने आधी केंटचा नकाशा काढला तो १८०१ चा. आपल्या कामाचे मात्र त्यानंतरचे, एका मैलाला सहा इंच आणि एका मैलाला पंचवीस इंच या मापाचे. पंचवीस इंचीत प्रत्येक शेताला नंबर आणि क्षेत्रफळ आहे, विहीर आहे, कुंपणातलं फाटक आहे, आणि सुरुवातीच्या आवृत्तीत तर बांधावरची झाडंसुद्धा एकेक करून काढलीयेत. कोण बसून काढत असेल हे सगळं, कमाल वाटते.

वापरायच्या दोन पद्धती आहेत. एकात जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर अंथरलेला असतो आणि स्लायडर सरकवून जुना फिका-गडद करायचा. दुसरी साइड बाय साइड, म्हणजे डावीकडे जुना, उजवीकडे आजचा, एका बाजूला माऊस फिरवला की दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच जागी खूण फिरते. लोक स्लायडरच्या प्रेमात पडतात कारण दिसायला भारी आहे, पण कामाची साइड बाय साइडच. कारण आपल्याला शोधायचं असतं ते हे, की जुन्यात आहे आणि आजच्यात नाही. स्लायडरमध्ये डोळे गोंधळतात, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की गायब झालेली गोष्ट लगेच खुपते.

आता खरा मुद्दा. नवीन माणूस जुना नकाशा उघडला की पहिलं काय शोधतो तर किल्ला, मठ, रोमन काहीतरी. नकाशावर अशा जागा वेगळ्या जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलेल्या असतात, कधीकधी "इथे रोमन नाणी सापडली" असंही सरळ छापलेलं असतं. ते वाचून हात शिवशिवतात हे कबूल, पण जे नकाशावर छापलंय ते गेली शंभर-सव्वाशे वर्षं सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जागा कायद्याने संरक्षित आहेत. मला विचाराल तर शोधायच्या गोष्टी एकदम साध्या. पायवाट, म्हणजे तुटक रेघ आणि बाजूला एफ पी ही अक्षरं. दोन पायवाटा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. कुंपण ओलांडायच्या पायऱ्या. तळं. शेताच्या मधोमध एकटंच उभं असलेलं छोटं कोठार. गावाबाहेरची पवनचक्की. नदीवरचा उतार, जिथून लोक पाण्यातून पलीकडे जायचे. जिथे माणूस थांबला, वाकला, चढला, बसून जेवला, तिथे खिशातलं पडलं, इतका साधा हिशोब आहे.

आमच्याकडचं एक शेत आहे, शेतकऱ्याने परवानगी दिलेलं, सॅटेलाइटवर बघाल तर नुसता एक मोठा सपाट हिरवा तुकडा, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. जुन्या नकाशात तिथे चार-पाच छोटी शेतं आहेत, मधली कुंपणं महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरवायला काढून टाकली, एक तिरपी पायवाट आहे जी आता नाहीच, आणि कोपऱ्यात कोठार. त्या तिरप्या रेघेवरून चालले तर व्हिक्टोरियाच्या पेनी, तिसऱ्या जॉर्जची झिजून सपाट झालेली तांब्याची नाणी, बटणं, एक शिवणकामाचं टोपण, मेंढीच्या गळ्यातली फुटकी घंटी. आणि रेघ सोडून वीस पावलं बाजूला गेलं की सिग्नल एकदम विरळ. हे बघितल्यावर नकाशावर विश्वास बसतो. अर्थात बाजूलाही अधूनमधून काहीतरी मिळतंच, कारण पूर्वी गावातला घरातला कचरा शेणखतात मिसळून सगळ्या शेतांवर पसरायचे, त्यातून बटणं-नाणी लांब लांब गेली. त्याला नकाशा काही करू शकत नाही.

याच शेतात मला लाँग क्रॉस पेनीचा, म्हणजे काठापर्यंत लांब क्रॉस छापलेल्या जुन्या पेनीचा, अर्धा तुकडा मिळाला. चांदीचं, तेराव्या शतकातलं, मुद्दाम मधोमध कापलेलं, कारण १२७९ पर्यंत अर्ध्या पेनीचं वेगळं गोल नाणं सहसा नसायचंच, सुट्टे हवेत तर पेनी कापा. हे मात्र नकाशामुळे मिळालं असं मी म्हणणार नाही. लेस्टरशायरचा पंचवीस इंची नकाशा १८८० च्या आसपासच्या मोजणीचा, तो मला तेराव्या शतकाबद्दल काय सांगणार? त्या कोपऱ्याकडे मी गेले ते शेतकरी आजोबांच्या बोलण्यावरून, ते त्या भागाला अजून "चॅपल क्लोज", म्हणजे छोट्या चर्चजवळचं शेत, म्हणतात. ऑर्डनन्सच्या नकाशावर शेतांचे नंबर आहेत, नावं नाहीत, आणि या साइटची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे असं माझं मत. लायब्ररीचा दोष नाही, नकाशाच तसा आहे.

शेतांची नावं हवी असतील तर टाइद मॅप बघावे लागतात, १८३६ च्या कायद्यानंतर चर्चचा धान्यातला हिस्सा रोख रकमेत बदलायला काढलेले, सोबत वही असते तिच्यात प्रत्येक शेताचं नाव, मालक, कसणारा, पीक. ब्लॅकलँड्स असं नाव दिसलं की जुन्या वस्तीची काळी माती असू शकते, फेअर फील्ड म्हणजे बहुतेक जत्रेची जागा, जत्रा म्हणजे गर्दी आणि पैसे. पश्चिमेकडच्या लोकांना नो युअर प्लेस नावाच्या साइटवर ब्रिस्टल, सॉमरसेट वगैरेचे टाइद मॅप फुकट दिसतात, चेशायरवाल्यांचीही सोय आहे, त्यांचा मला हेवा वाटतो. आमच्या मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, गंमत अशी की बऱ्याच गावांचे टाइद मॅप निघालेच नाहीत, कारण इथे त्याआधीच शेतं एकत्र करून वाटणी झाली तेव्हा तो हिशोब मिटला होता. मग काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) दफ्तरखान्यात जाऊन वाटणीचे कागद बघा, नाहीतर शेतकऱ्याबरोबर चहा प्या. दुसरं स्वस्त पडतं.

गावांची, वाड्यांची, विहिरींची नावं मात्र नॅशनल लायब्ररीच्या साइटवर शोधता येतात आणि हे फीचर कुणीच फारसं वापरत नाही. जीबी १९०० म्हणून प्रकल्प झाला, त्यात हौशी लोकांनी सहा इंची नकाशाच्या दुसऱ्या आवृत्तीवरचा शब्द न् शब्द टाइप करून काढला, २५ लाखांच्या वर नोंदी आहेत. "फेरी" टाका, "विंडमिल" टाका, आपल्या भागातले सगळे ठिपके येतात. मी एकदा रात्री "ओल्ड" हा शब्द टाकून बसले होते, नवरा झोपायला गेला, उठून आला, मी तिथेच.

लायडारचा लेअर पण आहे, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे चढउतार, झाडं-गवत काढून टाकून. मध्ययुगातल्या नांगरटीचे वरंबे आणि सऱ्या त्यात इतक्या स्वच्छ दिसतात की नुसतं बघत बसावं. इंगार्सबी नावाचं उजाड झालेलं गाव आमच्याजवळ आहे, रस्ते-घरांचे चौथरे सगळं उमटलंय. तिथे डिटेक्टर न्यायचा नाही, संरक्षित आहे, फक्त घरी बसून बघायचं.

अचूकतेबद्दल. ऑर्डनन्सचे जुने नकाशे काउंटीगणिक वेगवेगळ्या मध्यबिंदूवरून काढलेले, ते आजच्या नकाशावर ताणून बसवलेत, त्यामुळे काही मीटर इकडेतिकडे होतंच, दोन काउंटींच्या हद्दीवर जास्त. म्हणून पायवाटेवर अगदी रेघेत न चालता दोन्ही बाजूंनी थोडी पट्टी धरा. दुसरं म्हणजे नकाशा काढणाऱ्याने मोजलेली गोष्ट वेगळी आणि ऐकून लिहिलेली गोष्ट वेगळी. कुंपण त्याने मोजलं, "इथे लढाई झाली" हे त्याला कुणीतरी सांगितलं. आमच्या लेस्टरशायरमधल्या बॉसवर्थचंच बघा, १४८५ ची लढाई, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड मारला गेला ती. वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे अँबियन हिल, नकाशावरही लढाईची खूण तिथलीच. मग २००५ पासून संशोधकांनी जुनी कागदपत्रं, शेतांची नावं, दलदलीची माती असं सगळं तपासलं आणि डिटेक्टरने शिस्तीत शेतं पिंजून काढली, तेव्हा शिशाचे तोफगोळे आणि सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा रानडुकराचा छोटा बॅज, जे रिचर्डचं चिन्ह, ते सापडले दोनेक मैल दूर नैऋत्येला फेन लेनच्या बाजूला. माहिती केंद्र अजून टेकडीवरच आहे, कॅफे चांगला आहे.

पेड अ‍ॅपबद्दल विचारतात म्हणून सांगते. डिटेक्टरवाल्यांसाठीच असं म्हणून विकलं जाणारं एक सबस्क्रिप्शन मी घेतलं होतं, नाव लिहीत नाही. त्यात जुने नकाशे म्हणून जे दाखवत होते ते बहुतेक हेच, वर काही लाल ठिपके, "हॉटस्पॉट" म्हणे, ते कशावरून काढलेत याचा पत्ता नाही. बंद केलं. शेतात असताना मोबाईलवर लायब्ररीचीच साइट उघडते, लोकेशन चालू केलं की आपण जुन्या नकाशावर कुठे उभे आहोत ते कळतं. फोनच्या स्क्रीनवर साइड बाय साइड वापरणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, तिथे अंथरलेला नकाशाच बरा. आणि लेअर्सची यादी भली मोठी आहे, पहिल्यांदा बघून घाबरायला होतं, पंचवीस इंची निवडा आणि बाकी विसरा.

आता कायदा, थोडक्यात, पण वगळू नका. जागा कितीही भारी दिसली तरी मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. संरक्षित स्मारकावर लेखी मंजुरीशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, जुन्या नकाशाच्या साइटवर हे कळेलच असं नाही म्हणून सरकारच्या मॅजिक या नकाशावर प्रत्येक शेत तपासा. ३०० वर्षांहून जुनी, १० टक्के तरी सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र सापडलेली तशी नाणी, म्हणजे ट्रेझर, १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं, आणि २०२३ पासून २०० वर्षांवरच्या महत्त्वाच्या वस्तूही त्यात येऊ शकतात. माझा अर्धा पेनी एकटा म्हणून ट्रेझर नाही, तरी फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवून नोंदवला. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिथे सापडलेलं सगळं जुनं राजसत्तेचं.

आणि भारतातून मेसेज करणाऱ्या भावांनो आणि मामांनो, नाही, हे वाचून गावाकडच्या गढीवर मशीन घेऊन जायचं नाही. आपल्याकडे १८७८ चा कायदा अजून आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं पुरलेलं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित किल्ल्यावर खणणं हा वेगळाच गुन्हा. गुप्तधनाच्या गोष्टी आजीकडून ऐका.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो शेतांच्या नावांसाठी. एक शेवटची युक्ती देते, परवानगी मागायला जाताना शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीचा १८८० च्या आसपासचा तुकडा प्रिंट काढून न्या. बहुतेकांनी तो कधी बघितलेला नसतो, किचनच्या टेबलावर पसरला की "अरे हे तळं आजोबांनी बुजवलं" सुरू होतं आणि मग तुम्हाला काही विचारावंच लागत नाही, फक्त पेन बरोबर ठेवा.