मॉसबर्ग ५०० कॉम्बो: बंदूक एक, नळ्या दोन, आणि काडतुसं कुठली?

आयोवात येऊन अकरा वर्षं झाली, ग्रीन कार्ड आल्यापासून बंदूक घ्यायचं मनात होतं, कारण आमचं घर गावाबाहेर आहे आणि शेरीफची गाडी यायला वीस मिनिटं सहज लागतात, शिवाय ऑफिसातली मंडळी ऑक्टोबर संपत आला की फेझंटच्या (कोंबड्यासारखा रानपक्षी) शिकारीला जातात, त्यांच्यासोबत दोन सीझन मी नुसता चालत फिरलो होतो. बंदूक मला नवीन नाही म्हणा, संगमेश्वरला आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या लायसनवर ठासणीची होती, डुकरं आणि वानरं हाकायला, आणि निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करायला मी त्यांच्याबरोबर जायचो.

आधी एक महत्त्वाचं. तुम्ही एच-वन-बी किंवा तशाच व्हिसावर असाल तर इथल्या फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. वैध हंटिंग लायसन असेल तर सूट आहे, पण राज्याराज्यात नियम वेगळे, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

तर घेतली ती मॉसबर्ग ५००, छर्‍यांची बंदूक म्हणजे शॉटगन, १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद), पंप अ‍ॅक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायचं), दोन नळ्यांचा कॉम्बो. एक नळी २८ इंची, चोक (नळीच्या तोंडाचा अरुंद भाग, छर्‍यांचा पसारा ठरवणारा) बदलता येतो ती, दुसरी साडेअठरा इंची, साधी सिलिंडर बोर, म्हणजे चोक नसलेली. (१८ इंचापेक्षा आखूड नळी १९३४ च्या कायद्याखाली येते, त्यासाठी वेगळी सरकारी परवानगी लागते, घरी करवत लावायचा विचारही नको.) रेमिंग्टन ८७० पण हातात धरून बघितली, दणकट आहे, पण तिची सेफ्टी चापाच्या मागे आडवी, उजव्या हाताच्या माणसाला सोयीची. मॉसबर्गची सेफ्टी वर, अंगठ्याखाली येते. माझी बायको डावरी, आणि रात्री मी घरी नसलो तर बंदूक तिच्याच हातात असणार, त्यामुळे निर्णय तिथेच झाला.

नळी बदलायला दोन मिनिटं पुरतात. आधी चेंबर (काडतूस जिथून उडतं ती जागा) आणि मॅगझिन (काडतुसं साठवायची खालची नळी) दोन्ही बोट घालून रिकामं असल्याची खात्री करायची, मग पंप अर्धा मागे ओढायचा, मॅगझिनच्या टोकाचा स्क्रू हाताने फिरवायचा आणि नळी ओढून काढायची. लांब नळीने छर्रे फार जोरात जातात हा गैरसमज आहे, तिचा फायदा म्हणजे उडत्या पक्ष्यामागे हात एकसारखा फिरतो आणि नेम धरायला लांबी मिळते. तीच नळी घेऊन मी आमच्या पॅसेजमधून बेडरूमकडे वळून बघितलं तर दोनदा दाराच्या चौकटीला लागली. साडेनऊ इंचांचा फरक घरात फार मोठा असतो.

इथे एक मनस्ताप झाला तो सांगतो. हरणासाठी तिसरी नळी घ्यायला एका दुकानात गेलो, त्यांनी "मॉसबर्गचीच आहे, बसेल" म्हणून वीस इंची दिली, घरी आणली तर बसेना. ती आठ गोळ्यांच्या लांब मॅगझिनच्या मॉडेलची होती, माझी सहावाली. ५९० च्या नळ्याही ५०० ला बसत नाहीत. परत घेताना त्यांनी पैसे कापून घेतले, म्हणून तुम्ही घ्याल तेव्हा बंदूक सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा.

आता काडतुसं. माझं ठाम मत आहे की दुर्बीण, टॉर्च, पट्टे यांवर खर्च करण्याआधी चार प्रकारची काडतुसं आणा आणि कागदावर मारून बघा, कारण प्रत्येक नळी वेगळी फेकते. मी टेपने आमच्या घरातलं सगळ्यात लांब अंतर मोजलं, ९ यार्ड. रेंजवर तेवढ्याच अंतरावर खाकी कागद लावला. साधं डबल-ऑट बकशॉट (मोठ्या छर्‍यांचं काडतूस), नऊ छर्‍यांचं (आपल्याकडच्या एस्जीच्या जवळचं), ते जेवणाच्या ताटाएवढं पसरलं आणि एक छर्रा पार बाजूला, एकटाच. घरात तो एकटा छर्रा मुलांच्या खोलीकडे गेला तर? फेडरल कंपनीचं फ्लाइटकंट्रोल बकशॉट, आठ छर्‍यांचं, त्याच अंतरावर मुठीएवढ्या जागेत सगळे. वेगही कमी, सेकंदाला ११४५ फूट, त्यामुळे खांद्याला धक्का कमी बसतो, बायकोने दहा मारले आणि तक्रार नाही. तरी हे लक्षात ठेवा की बकशॉट ड्रायवॉलच्या (जिप्समच्या पातळ फळ्यांच्या) भिंती आरपार जातं, त्यामुळे कोण कुठे झोपतं ते बघून कुठल्या दिशेला कधीच मारायचं नाही हे आम्ही घरात आधीच ठरवलंय. बर्डशॉट (पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे) भिंतीत थांबेल म्हणून घरासाठी ठेवणारे बरेच आहेत, पण ते माणसातही पुरेसं खोल जात नाही, मी ठेवत नाही. बंदूक बेडरूममधल्या कुलूपबंद लॉकरमध्ये असते, मुलांना कोड माहीत नाही.

शिकारीला २८ इंची नळी, मॉडिफाइड चोक, ६ नंबरचे शिशाचे छर्रे. मॉडिफाइड म्हणजे ४० यार्डांवर ३० इंचाच्या वर्तुळात साधारण ६० टक्के छर्रे पडतात. बदकांसाठी मात्र शिसं १९९१ पासून देशभर बंद, स्टील लागतं, आणि स्टील कडक असतं, दबत नाही, म्हणून फुल (सगळ्यात अरुंद) चोकमधून मारू नका. बदकांच्या शिकारीत मॅगझिनमध्ये लाकडी दांडी घालावी लागते, एकूण तीनच काडतुसं चालतात. हरणाला गुळगुळीत नळीतून रायफल्ड स्लग (छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी) मारायचा, महागडे सेबॉट स्लग (प्लास्टिकच्या वेष्टणातली गोळी) आटे पाडलेल्या नळीसाठी असतात, साध्या नळीत वाया जातात.

आणि २० गेजची पिवळी काडतुसं १२ च्या पिशवीत कधीही मिसळू देऊ नका. ते काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, वरून माणूस १२ चं भरतो आणि नळी फुटते. आमच्या शेजार्‍याने प्रेमाने दिलेल्या जुन्या पिशवीत दोन पिवळी निघाली होती, तेव्हापासून मी निघायच्या आधी पूर्ण पिशवी टेबलावर ओततो.

गेल्या नोव्हेंबरात पहिला नर फेझंट मिळाला, साधारण तीस यार्डांवर, मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला. बायकोने मालवणी मसाला घालून रस्सा केला, मुलांना सावकाश चावायला सांगितलं होतं, तरी दोन छर्रे ताटाच्या कडेला आलेच.