कंपाउंड पाडून तारेची जाळी: ठेका एक, गुण वेगवेगळे

जुनी विटांची भिंत पाडायची आणि तिथंच चेनलिंक जाळी उभी करून द्यायची, असा एकत्रित ठेका कोल्हापुरात सर्रास मिळतो. हा अभिप्राय नागाळा पार्कातल्या अशाच एका कामाचा. भिंत ६० फूट लांब, ५ फूट उंच, ९ इंची. पाडकामाला पाचपैकी चार, जाळीला दोन. त्यातला एक नुसत्या वेळेत आल्याबद्दल.

आधी दर. कोटेशन रनिंग फुटावर, म्हणजे भिंतीच्या लांबीवर होतं, 'राबीट उचलून' धरून, म्हणजे पाडलेला मलबा हलवण्यासकट. इथंच गोम असते. ६० गुणिले ५ गुणिले पाऊण म्हणजे २२५ घनफूट, सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), वजन बारा टनांच्या आसपास. पण पाडलं की माल फुगतो आणि सुटं राबीट तीन ब्रासच्या वर भरतं. ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतं, म्हणजे तीन-चार खेपा. ठेकेदारानं दोनच धरल्या होत्या, मग बाकीच्या खेपांवरून हुज्जत. दीड फूट रुंद, दोन फूट खोल दगडी पायाही काढायचा म्हटलं, तर आणखी १.८ ब्रास. जाळीसाठी तो काढायची गरज नसते. खांब येतो तेवढाच फोडायचा. साबूत विटा कुणाच्या, हेही कागदावर हवं. एवढ्या भिंतीत तीनेक हजार विटा असतात. मातीत बांधलेली असेल तर बऱ्याच सुट्या निघतात, सिमेंटातल्या निम्म्याही हाती लागत नाहीत. रुपयांचे आकडे इथे देत नाही, लोखंडाचा भाव रोज हलतो. दर ब्रास, किलो आणि खेपेवर मागा.

पाडकाम खरोखर चांगलं झालं. गेटवरच्या दिव्याची वायर आधी सोडवली, नळाची लाईन कुठून जाते ते खड्डा घेऊन पाहिलं. शेजारच्या भिंतीला जोड होता तिथं कटरनं उभी चीर पाडली. नाहीतर घणाचा हादरा थेट पलीकडच्या प्लास्टरला जातो. मग वरून एकेक थर खाली. बुडाला घण घालून भिंत ढकलायचा मोह कुणी केला नाही, हे विशेष, कारण बूड सुटलं की ती कोणत्या बाजूला पडेल ते माणूस ठरवत नाही. पाणी मारून धूळ दाबली, रस्त्याकडून दोरी बांधली. संध्याकाळी अर्धवट सुटा उभा तुकडा ठेवला नाही. एक गुण गॉगल नव्हते म्हणून गेला. पलीकडची जमीन उंच असेल तर मात्र हीच पद्धत पुरत नाही. आधी मातीचा दाब काढावा लागतो, आणि पावसाळ्यात तर हात लावूच नये.

जाळीत सगळं बिघडलं. साडेसात फुटांवर एक असे नऊ अँगल (काटकोनी लोखंडी खांब) ठरले होते, ४० बाय ४० बाय ५ मिमी, मीटरला तीन किलो. आले ३ मिमी जाडीचे, मीटरला १.८ किलो. वरून दोन्ही सारखेच दिसतात, वजनकाट्यावर चोरी उघडी पडते. तारही १० गेज (३.२५ मिमी) सांगून १२ गेजची (२.६४ मिमी). व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) खिशात ठेवा.

त्याहून मोठी चूक खड्ड्यांची. काळ्या मातीत दोन फूट खोल, एक फूट चौरस, तळाशी थोडा जास्त रुंद खड्डा लागतो. इथे फूटभरावर पाया लागला, तो फोडायचा कंटाळा केला आणि अँगल तिथंच उभा केला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; उथळ खांब तिच्याबरोबर हलतो. नऊ खड्ड्यांचं काँक्रीट १८ घनफूट, १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात सुमारे चार पोती सिमेंट, आली दोन. आणि दुसऱ्याच दिवशी जाळी ताणली. सात दिवस पाणी मारल्याशिवाय ताण द्यायचा नसतो. कोपऱ्याचा अँगल दीड इंच आत झुकला, कारण त्याला तिरका टेकाच नव्हता.

वाद झाल्यावर ठेकेदारानं कोपरे पुन्हा केले: पाया फोडून खोल खड्डा, दोन्ही टोकांना टेके, काँक्रीटचा माथा जमिनीपासून दोन इंच वर आणि उताराचा, म्हणजे अँगलच्या बुडाशी पाणी साचणार नाही. मधले सात खांब अजून तसेच आहेत, हातानं हलवले तर हलतात. शेवटचा हप्ता त्यांच्यासाठी रोखून ठेवलाय.